सुक्या मासळीवर पुस्तकच नाही, मग सोर्स कुठून आणू?

ताई, मी दापोलीला बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला मार्केटिंग प्लॅनचा प्रोजेक्ट आहे आणि मी विषय घेतलाय सुकी मासळी. माझी काकी हर्णैला जवळा, बोंबील, बांगडा सुकवते. तिच्या बचत गटानं स्वच्छ पॅकिंग करून माल पर्यटकांना आणि मुंबईत विकायचा, असा माझा प्लॅन आहे. सरांना विषय आवडला, पण कमीत कमी दहा सोर्स ग्रंथालयातले हवेत, गुगलवरचं काही चालणार नाही, असं ते म्हणाले. कॉलेजच्या लायब्ररीत मार्केटिंगची पुस्तकं आहेत, पण त्यात नुसते साबण, मोटारी आणि कोल्ड्रिंक. मॅडमना विचारलं, सुक्या मासळीवर पुस्तक आहे का, तर म्हणाल्या, नाही. गावच्या वाचनालयात कादंबऱ्याच. काकीची विक्रीची वही आहे, ती सोर्स म्हणून चालेल का? की विषयच बदलू? मैत्रिणींनी मोबाईलचे ब्रँड घेतलेत, त्यांना सगळं भराभर मिळतंय.
– एक विद्यार्थिनी, हर्णै

विषय अजिबात बदलू नकोस. मोबाईलवर मैत्रिणींना भराभर मिळतंय, कारण ते सगळं कंपनीनंच लिहून ठेवलंय. आपली जाहिरात पोरांच्या प्रोजेक्टमधून फुकटात फिरते, कंपनीला आणखी काय हवं! तुझ्या सरांनी असले प्रोजेक्ट ढिगानं तपासले असतील. जवळ्याचा एखादाच येत असेल.

आणि लायब्ररीतल्या मॅडमवर रागावू नकोस. तू जेवढं विचारलंस तेवढ्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं. माझी नोकरी त्याच काउंटरच्या पलीकडे झाली, म्हणून सांगते. मुलं येतात ती विषयाचं नाव घेऊन. 'मॅडम, पर्यटनावर काय आहे?' 'आंब्यावर काय आहे?' मग ग्रंथपाल तरी काय करणार? तो शब्द कॅटलॉगमध्ये घालून बघणार आणि आहे किंवा नाही म्हणून सांगणार. त्याऐवजी तू विचारलं असतंस, 'रत्नागिरी जिल्ह्यात मासळी सुकवायच्या कामाला किती बायका आहेत, हे कुठे छापलेलं मिळेल?' तर मॅडमना शोधायला काहीतरी धागा मिळाला असता. कारण हे मोजणारं कोणीतरी आहे, आणि ज्यानं मोजलं त्याचा अहवालही आहे.

तुझं सगळं काम याच वाटेनं जाणार आहे. 'सुकी मासळी' नावाचं पुस्तक शोधत बसायचं नाही. प्लॅनमधलं एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे मोजणं किंवा तपासणं कोणाचं काम? त्या माणसाचा, खात्याचा, संस्थेचा कागद शोधायचा.

करून दाखवते. तुझ्या प्लॅनमध्ये एक वाक्य नक्की असणार: 'पावसाळ्यात सुक्या मासळीला भरपूर मागणी असते.' हर्णैत हे शेंबडं पोरही सांगेल. पण सर पुरावा मागणार आणि त्यांचं बरोबर आहे. आता हे वाक्य फोड. पहिली गोष्ट, पावसात ताजी मासळी कमी होते. का? तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ही बंदी येते महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 या कायद्याखाली, आणि तारखांचा आदेश मत्स्यव्यवसाय विभाग काढतो. तारखांत फेरफार होऊ शकतो, म्हणून तू ज्या वर्षाचा प्लॅन करत्येस त्या वर्षाचा आदेश बघ. कायदा आणि आदेश, झाले दोन सोर्स. दुसरी गोष्ट, लोक आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी म्हणून मे महिन्यातच सुकी मासळी भरून ठेवतात. ही ग्राहकाची सवय, तिचा अभ्यास प्रबंधांत सापडतो, त्याकडे येतेच. तिसरी गोष्ट, भाव चढतो. त्यासाठी भावाचे तक्ते लागतील.

वाक्य असं फोडलं की आणखी एक भानगड लक्षात येते. लोक खरेदी करतात मे महिन्यात, खातात पावसात, आणि मध्येच येतो श्रावण. कितीतरी घरांत तेव्हा सुकटीचा डबा उघडतही नाही. गणपतीत चाकरमानी येतात, पण त्या दिवसांत मासळी कोण घेणार? परत जाताना मात्र पिशवीतून नेतील. म्हणजे 'पावसाळ्यात मागणी' हे वाक्य तसंच ठेवलं असतंस तर तुझं जाहिरातीचं सगळं बजेट जुलैमध्ये वाया गेलं असतं. सोर्स शोधायचा तो सरांनी मार्क कापू नयेत म्हणून नाही, हे तुला इथेच कळेल.

आता मासळीच्या आकड्यांकडे. समुद्रातून किती मासळी आली हे मोजते कोचीची केंद्रीय समुद्री मत्स्यिकी संशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय. 1947 पासूनची संस्था. तिची माणसं बंदरांवर जाऊन उतरलेल्या मालाची नमुना पद्धतीनं मोजदाद करतात आणि दरवर्षी राज्यवार आकडे छापून येतात. संस्थेचे अहवाल, शोधनिबंध सगळे तिच्या स्वतःच्या डिजिटल भांडारात फुकट ठेवलेले आहेत. पण तिथे 'जवळा' शोधशील तर हात हलवत परत येशील. जवळा त्यांच्या तक्त्यात 'नॉन-पिनाइड प्रॉन्स' या गटात असतो. बोंबील असतो 'बॉम्बे डक' म्हणून, बांगडा 'इंडियन मॅकरेल' म्हणून. शोधनिबंधांत तर सरळ शास्त्रीय नावं: जवळ्याचं असेटिस इंडिकस, बोंबलाचं हार्पोडॉन नेहेरियस, बांगड्याचं रास्ट्रेलिगर कानागुर्ता. सुक्या मासळीलाही एक नाव नाही. कोणी 'ड्राय फिश' लिहितो, कोणी 'ड्राइड फिश', आणि जुन्या अहवालांत बहुतेक 'फिश क्युअरिंग'. ही सगळी नावं इंग्रजी स्पेलिंगसकट एका कागदावर लिहून काढ आणि तो कागद शोधताना कायम समोर ठेव. एका नावानं काही सापडलं नाही म्हणून 'या विषयावर संशोधन झालेलं नाही' असं प्रोजेक्टमध्ये लिहिणारी मुलं मी बघितली आहेत. संशोधन झालेलं असतं, यांनी दुसरं नाव घालून बघितलेलं नसतं.

आकडा सापडला की लगेच प्लॅनमध्ये चिकटवू नकोस. तो ओल्या मासळीचा आहे. ताज्या मासळीत तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, बोंबलात तर त्याहून जास्त. काकीला विचार, एक टोपली ओला जवळा पसरला की संध्याकाळी हाताला किती लागतो. शिवाय उतरलेल्या मालातला किती ताजा विकला गेला, किती सुकवणीला गेला, किती फिशमीलच्या कारखान्यात गेला, हे त्या आकड्यात नाही. 'महाराष्ट्रात इतके टन बोंबील उतरतात, म्हणून सुक्या बोंबलाची बाजारपेठ इतकी' असं लिहिलंस तर सर पहिला प्रश्न तिथेच विचारतील. मी असते तर मीही विचारला असता.

याच संस्थेचं आणखी एक काम तुला फार उपयोगी पडेल आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही: समुद्री मच्छीमारांची गणना. 2005, 2010 आणि 2016 अशी ती झालेली आहे. आपल्या नेहमीच्या जनगणनेत 'मासळी सुकवणारी बाई' अशी वेगळी रांग सापडायची नाही. या गणनेत मासेमारीशी जोडलेली कामं वेगवेगळी मोजलेली आहेत: मासेविक्री, जाळी विणणं आणि दुरुस्त करणं, मासळी सुकवणं-प्रक्रिया, कोळंबी सोलणं, मजुरी. आणि बायका-पुरुष वेगळे. 2010 च्या गणनेचा महाराष्ट्राचा भाग मिळव आणि रत्नागिरी जिल्ह्याचे तक्ते उघड. गटाला पुढे माल वाढवायचा असेल तर सुकवणाऱ्या बायका आजूबाजूला आहेत किती, याचं उत्तर तिथे आहे. प्लॅनमध्ये 'उत्पादन क्षमता' म्हणून जो परिच्छेद मुलं हवेत लिहितात, तो तुझा जमिनीवर येईल.

ग्राहकांसाठी दोन दारं आहेत. एक, जनगणना. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ 4.8 टक्क्यांनी घटली. आणि हजार पुरुषांमागे बायका 1,122. घरातले पुरुष कुठे आहेत हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण प्लॅनमध्ये 'आमचा ग्राहक मुंबईत आहे' असं लिहिशील तेव्हा त्याच्या पाठीशी हे दोन आकडे ठेव. त्यांच्यावरून माणसं बाहेर गेली एवढंच सिद्ध होतं, ती जवळा विकत घेतात हे नाही, ही मर्यादाही त्याच ओळीत लिही. मर्यादा लिहिल्यानं मार्क जात नाहीत, उलट मिळतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे दोन्ही कॉलेजात नसतील तर जिल्हा शासकीय ग्रंथालयात विचार. दोन्ही नेटवर पीडीएफमध्येही आहेत.

दुसरं दार म्हणजे घरखर्चाची सरकारी पाहणी. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले लोकांच्या घरी जाऊन महिन्याला कशावर किती खर्च होतो ते विचारतात. 2022-23 च्या पाहणीत देशभराचा माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात 3,773 रुपये आणि शहरी भागात 6,459 रुपये निघाला. त्यात अंडी, मासे आणि मांस यांचा वाटा ग्रामीण 4.91 टक्के, शहरी 3.57 टक्के. नुसते टक्के बघितले तर वाटेल, गावातला माणूस मासळीवर जास्त खर्च करतो, मग मुंबईला कशाला जायचं? आता गुणाकार कर. 3,773 चे 4.91 टक्के म्हणजे साधारण 185 रुपये, 6,459 चे 3.57 टक्के म्हणजे साधारण 231 रुपये. टक्का कमी, पैसे जास्त. मार्केटिंगवाल्याला पैशाशी मतलब. मात्र हा आकडा सगळ्या देशाचा आहे आणि त्यात अंडी-मटण एकत्र आहे, म्हणून तो फक्त दिशा दाखवायला वापर. अहवालात राज्यवार तक्ते आहेत, महाराष्ट्राचे शोधून घे आणि हाच गुणाकार तिथे करून बघ.

आता तुझ्या दारातला खजिना. तू दापोलीत शिकतेस आणि डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं ग्रंथालय तुला सुचलं नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. 1972 पासूनचं विद्यापीठ, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय त्याचंच. तिथे एमएससी आणि पीएचडी करणाऱ्या मुलांचे प्रबंध असतात, आणि ही मुलं अभ्यास कुठला करणार? इथल्याच बंदरांचा, इथल्याच बाजारांचा, इथल्याच बायकांचा. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र घेऊन गेलीस तर आत बसून वाचायला मिळण्यात सहसा अडचण येत नाही. जायच्या आधी घरी बसून 'कृषिकोश' उघड. देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्या भांडारात आहेत, मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेचेसुद्धा. बाकी विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर. दोन्ही फुकट.

प्रबंध दिसायला जाडा, म्हणून घाबरू नकोस. तो पहिल्या पानापासून वाचायचा नसतोच. आधी शेवटची संदर्भसूची उघड. ज्यानं दोन वर्षं याच विषयात घातली त्यानं तुझ्यासाठी वाचायची यादी तयार करून ठेवली आहे, तिच्यातूनच तुझे चारपाच सोर्स निघतील. मग 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'चं प्रकरण, आधी कोणी काय शोधलं ते तिथे दोन-दोन ओळींत असतं. मग परिशिष्ट: त्यात प्रश्नावली असते. पर्यटकांना काय विचारायचं याचा नमुना तिथून घे आणि घेतलास म्हणून सांग.

आणि तक्ते. कृषी अर्थशास्त्रवाले आणि मत्स्य अर्थशास्त्रवाले एक तक्ता हमखास देतात, त्याला ते 'प्राइस स्प्रेड' म्हणतात. काकीनं किलोला किती घेतले, गोळा करणाऱ्यानं पुढे कितीला दिले, मुंबईच्या घाऊकवाल्यानं किती लावले, दुकानदारानं गिऱ्हाइकाकडून किती घेतले, आणि प्रत्येकाचा खर्च किती, नफा किती. शेवटच्या ओळीत गिऱ्हाइकाच्या रुपयातला उत्पादकाचा वाटा. तुझ्या प्लॅनमधलं 'प्लेस' (माल कुठून, कोणामार्फत विकायचा) आणि 'प्राइस' (किंमत) ही दोन्ही प्रकरणं या एका तक्त्यावर उभी राहू शकतात. गटानं स्वतः पॅकिंग करून थेट विकायचं म्हणजे मधल्या कोणाचा वाटा गटाकडे येणार आणि त्याबरोबर कोणाचा खर्चही गटाच्या गळ्यात पडणार, हे त्या तक्त्याशेजारी तुझा तक्ता मांडून दाखव. मधला माणूस फुकट खातो, असं मुलांना वाटतं. तो उधारी सांभाळतो, भिजलेल्या मालाचं नुकसान सोसतो, ट्रकभाडं देतो. तेही लिही. भाव मात्र प्रबंध ज्या वर्षाचा त्या वर्षाचेच असतात. त्यांचं प्रमाण वापर, रुपये आजचे घाल.

म्हणूनच काकीची वही. ग्रंथालयीन सोर्स म्हणून ती चालणार नाही, कारण दुसऱ्या कोणाला ती उघडून पडताळता येणार नाही. पण प्राथमिक माहिती म्हणून ती सोन्याची आहे आणि तिला वेगळी जागा दे: 'गटाच्या नोंदींवरून' असं शीर्षक देऊन महिनावार विक्रीचा एक तक्ता. मेचा आणि श्रावणाचा फरक त्यात दिसला तर वर फोडलेल्या वाक्याला तुझा स्वतःचा आधार मिळाला. काकीला आधी विचार. गटातल्या बाकीच्यांनाही विचार, कारण हिशेब एकटीचा नाही. आणि उधारीवाल्यांची नावं प्रोजेक्टमध्ये येऊ देऊ नकोस, नाहीतर बंदरावर तुझंच नाव निघेल.

शोधपत्रिकांसाठी मॅडमना एकच विचार: आपलं कॉलेज एन-लिस्टचं सभासद आहे का? देशभरची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही सोय. हजारो ई-जर्नल्स आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं, आणि विद्यार्थ्याला लॉगिन मिळालं की घरून मोबाईलवरसुद्धा उघडतात. कितीतरी कॉलेजं सभासद असतात आणि मुलांना पत्ताच नसतो, कारण लॉगिन मागायला कोणी जात नाही. ते नसेल तरी अडत नाही. 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' आणि 'फिशरी टेक्नॉलॉजी' या दोन्ही पत्रिका नेटवर मोकळ्या आहेत. दुसरी तुला 'प्रॉडक्ट'च्या प्रकरणाला लागेल: वाळूत पसरण्याऐवजी मांडवावर किंवा ड्रायरमध्ये सुकवलं तर काय फरक पडतो, पाकिटात ओल किती चालते, माल किती दिवस टिकतो. खारवलेली मासळी कधी कधी लालसर पडते ते काकीला माहीत असेल. मीठ सोसणारे जिवाणू ते करतात, आणि त्यावर 'पिंक स्पॉइलेज' या नावानं बरंच लिहिलेलं आहे. पर्यटकाला 'स्वच्छ' म्हणून विकायचं तर स्वच्छ म्हणजे काय हे कोणीतरी तपासून लिहिलेलं दाखवायला हवं. शिवाय दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या सुक्या मासळीच्या व्यवहारावर 'ड्राइड फिश मॅटर्स' नावाचा एक आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्प झालाय, भारतही त्यात आहे. त्याचे निबंध फुकट वाचायला मिळतात आणि बायकांच्या कामाकडे त्यांनी मुद्दाम बघितलंय.

साबण आणि मोटारींच्या पुस्तकांना नाक मुरडू नकोस. प्लॅनचा सांगाडा, बाजाराचे भाग कसे पाडायचे, किंमत कशी ठरवायची, हे त्यांतूनच घ्यायचं. दोन पुस्तकं पुरेत. ग्रंथालयात विषयवार क्रमांक देण्याची ड्युई पद्धत असते, तिच्यात ती 658.8 या क्रमांकाच्या कपाटात असतात. मासळीवर प्रक्रिया मात्र 664.94 ला, मासेमारी 639 ला. म्हणजे एकाच कपाटापुढे उभं राहून तुझा विषय सापडणारच नव्हता.

गावच्या वाचनालयात कादंबऱ्या असतात हे खरं. पण आपल्या जिल्ह्यात 1828 सालचं रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय आहे, चिपळूणला 1864 पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, ज्यानं 2005 आणि 2021 चे पूर सोसले. तिथे जाशील तेव्हा जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, माग. इंग्रजांच्या काळातला 1880 चा 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' हा दहावा खंड, आणि महाराष्ट्र सरकारनं 1962 मध्ये काढलेली सुधारित आवृत्ती. दोन्ही सरकारच्या संकेतस्थळांवरही आहेत. मासेमारी आणि व्यापाराचा इतिहास प्लॅनच्या सुरुवातीला एक परिच्छेद लागेल, त्याहून जास्त नको. मुलं इतिहासात शिरली की बाहेर येत नाहीत. आणि जुने आकडे घेताना हद्दी बघ. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1 मे 1981 ला. त्याआधीच्या कागदात 'रत्नागिरी' म्हणजे मालवण-वेंगुर्ल्यासकट सगळं. तेव्हाच्या आणि आजच्या रत्नागिरीची सरळ तुलना केलीस तर मासळी एका रात्रीत निम्मी झाल्यासारखी दिसेल.

वर्तमानपत्रांच्या फायली चाळायच्या असतील तर फक्त मे आणि जून बघ, सुक्या मासळीच्या भावाच्या बातम्या बहुतेक तेव्हाच येतात. ती बातमी एका दिवसाची आणि एका बाजाराची असते, तशीच नोंदव.

दोन गोष्टींपासून लांब राहा. 'सुक्या मासळीची जागतिक बाजारपेठ अमुक सालापर्यंत इतक्या अब्ज डॉलरवर' असले मथळे गुगल पहिल्यांदा दाखवतो. खाली बघ, मूळ अहवाल विकायला असतो, किंमत डॉलरमध्ये, आणि तो आकडा कसा काढला हे त्या मोफत पानावर कुठेच नसतं. कोणी मोजलं, कसं मोजलं, हे कळत नसेल तर तो आकडा तुझ्या कामाचा नाही. दुसरं, एआयला 'सोर्सची यादी दे' म्हणून सांगशील तर तो दहा काय, वीस देईल. नाव भारदस्त, लेखक भारदस्त, आणि त्यातली काही पुस्तकं जगात कोणी लिहिलेलीच नसतील. शोधायचे शब्द सुचवायला त्याला खुशाल वापर, पण जो सोर्स तू स्वतः उघडला नाहीस तो यादीत घालू नकोस.

राहिला सरांचा 'गुगलवरचं नको' हा नियम. मला वाटतं, त्यांना नको आहेत त्या कोणीही लिहिलेल्या साइट्स. जनगणनेचा अहवाल मोबाईलवर वाचलास म्हणून तो वेबसाइट होत नाही, तो अहवालच राहतो. यादीत संस्थेचं नाव, अहवालाचं नाव, वर्ष, पान, तक्ता क्रमांक असं लिही, नुसती लिंक टाकू नकोस. तरीही काम सुरू करायच्या आधी सरांना एकदा विचारून घे: सरकारी अहवालाची पीडीएफ आणि कृषिकोशातला प्रबंध चालेल ना? हो म्हणाले की दहाचा आकडा तू सहज ओलांडशील.

या आठवड्यात एवढं कर. प्लॅनची कच्ची वाक्यं लिहून काढ, बरोबर असोत-नसोत. प्रत्येकासमोर 'हे कोणाचं काम' ते लिही. तो कागद घेऊन मॅडमकडे जा, एन-लिस्टचं लॉगिन माग, आणि प्राचार्यांच्या पत्राचा अर्ज त्याच दिवशी ऑफिसात टाक. सहीला वेळ लागतो आणि परीक्षा जवळ आली की ऑफिसात कोणी विचारत नाही. पत्रात नुसतं 'ग्रंथालय वापरू द्यावे' असं न लिहिता 'मत्स्य अर्थशास्त्र आणि मत्स्यप्रक्रिया या विषयांवरील प्रबंध पाहू द्यावेत' असं लिहून घे. विद्यापीठात जाताना कृषिकोशातून काढलेली प्रबंधांची नावं आणि वर्षं लिहून ने, आणि आधी फोन करून विचार की प्रबंधांची झेरॉक्स देतात की हातानं उतरवून घ्यावं लागतं. उतरवायचं असेल तर एखादी मैत्रीण बरोबर घे. मोबाईलच्या ब्रँडवाली एखादी मोकळीच असेल.